आकाशातील अग्नी आणि गावाची साक्ष

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. दिवसभराचा सण आटोपून, सूर्यास्ताला गुढ्या उतरवून, विदर्भातल्या खेड्यापाड्यांतील माणसे उन्हाने तापलेल्या घरांतून बाहेर अंगणात येऊन बसली होती. पावणेआठच्या सुमारास पश्चिमेच्या बाजूने आकाशात एक ज्वाळा दिसू लागली. पाहता पाहता तिच्या अनेक ज्वाळा झाल्या आणि पेटत्या पलित्यांची मिरवणूक निघावी तशा त्या एकामागून एक पूर्वेकडे सरकत गेल्या. मध्य प्रदेशातील काही जिल्ह्यांपासून चंद्रपूरपर्यंत हजारो लोकांनी हे दृश्य पाहिले. ज्यांच्या हाती मोबाइल होता त्यांनी त्याचे चित्रण केले. ज्यांच्या हाती नव्हता त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली.

हे काय होते, हा एकच प्रश्न त्या रात्री सर्वत्र विचारला जात होता. असे प्रसंग घडतात तेव्हा जी उत्तरे नेहमी निघतात तीच याही वेळी निघाली: उल्का पडली, विमान पेटले, कोणाचे तरी क्षेपणास्त्र भरकटले, नाहीतर येणाऱ्या अनिष्टाची ही खूण आहे. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळच्या मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे पडलेले आढळले. पुढच्या दिवसांत त्या परिसरात धातूचे गोळेही सापडले. कडे पोलीस ठाण्यात नेऊन ठेवण्यात आले, इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांनी सांगितले की, चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘छांगचंग-३ बी’ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरत होता, तोच त्या सायंकाळी वातावरणात शिरून पेटला.

कोणी दगावले नाही, कोणाचे घर पडले नाही. चार दिवस बातम्या आल्या आणि विषय संपला. तो इतक्या सहजपणे संपू देणे योग्य नव्हते. आकाशातून काय पडले याचे उत्तर मिळाले. परंतु ते उत्तर ज्यांच्या डोक्यावरून आग गेली त्यांच्यापर्यंत कोण पोचवणार आणि पडणाऱ्या वस्तूची जबाबदारी कोणावर, हे दोन प्रश्न तसेच राहिले. हे दोन्ही प्रश्न विज्ञानाइतकेच समाजव्यवस्थेचेही आहेत.

पहिल्या प्रश्नाकडे आधी पाहावे. शुक्राच्या चांदणीहूनही अधिक तेजाने जळणाऱ्या उल्केला खगोलशास्त्रात अग्निगोल म्हणतात. अवकाशातून येणारा धोंडा पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर एवढ्या वेगाने शिरतो. पुढची हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते की ती तापून तेजाळते, धोंड्याचा पृष्ठभाग वितळून उडू लागतो, आणि बहुतेक वेळा काही क्षणांतच सारा खेळ संपतो. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू मात्र सेकंदाला साधारण आठ किलोमीटर वेगाने आणि अगदी तिरप्या वाटेने खाली येते. म्हणून तिचे जळणे अर्धा मिनिट, मिनिट, कधी त्याहूनही अधिक वेळ दिसत राहते आणि तिचे तुकडे एकाच दिशेने रांगेत चालतात. त्या सायंकाळी ज्याने कोणी मनात वीसपर्यंत आकडे मोजले असतील आणि तरीही ज्वाळा दिसतच राहिल्या असतील, त्याच्याजवळ उत्तराचा अर्धा भाग आधीच होता. हे ज्ञान चार ओळींत सांगता येते. त्याला दुर्बीण लागत नाही, इंग्रजी लागत नाही. तरीही ते गावोगावच्या माणसांजवळ नव्हते, कारण ते त्यांना कोणी कधी दिलेच नव्हते.

जाणत्यांची आणि न-जाणत्यांची ही फारकत आजची नाही, आणि तिच्यात चूक नेहमी न-जाणत्यांचीच असते असेही नाही. आकाशातून दगड पडतात ही गोष्ट विज्ञानाला मान्य व्हायला लागलेला काळ आठवून पाहावा. १७६८ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील ल्युसे या गावी शेतात राबणाऱ्या माणसांनी आकाशातून दगड पडताना पाहिला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने चौकशी नेमली. चौकशी करणाऱ्यांत लाव्हाझिएसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ होता. १७७२ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की, हा जमिनीवरचाच दगड असून त्यावर वीज पडली असावी. १७९० मध्ये बार्बोतांच्या परिसरात पुन्हा दगड पडले. या वेळी तिथल्या नगरपालिकेने रीतसर दाखला तयार केला, त्याला तीनशेहून अधिक माणसांची साक्ष जोडली. राज्यक्रांती होऊन वर्ष लोटले होते, सामान्य नागरिकाच्या शब्दाला किंमत आली होती. पण ती विद्वानांच्या दारापर्यंत पोचली नव्हती. एक अख्खी नगरपालिका भाकडकथेवर शिक्का मारते याबद्दल एका विद्वानाने जाहीरपणे खेद व्यक्त केला.

हा पगडा मोडला तो साक्षींचे वजन करणाऱ्यांनी. एर्न्स्ट क्लाद्नी हा जर्मन संशोधक कायदाही शिकलेला होता. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या शतकांत, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकच गोष्ट सांगतात तेव्हा तिच्यात तथ्य असले पाहिजे, हा न्यायालयातला विचार त्याने आकाशाला लावला, आणि १७९४ मध्ये अग्निगोल व आकाशातून पडणारे दगड यांचा संबंध जोडणारे पुस्तक लिहिले. त्याची थट्टा झाली. परंतु पुढच्या चार वर्षांतच भारतातून पुरावा गेला.

१९ डिसेंबर १७९८ रोजी रात्री आठच्या सुमारास काशीच्या आसपासच्या लोकांनी निरभ्र आकाशात अग्नीचा एक मोठा गोळा पाहिला, गडगडाट ऐकला, आणि शहरापासून काही कोसांवर असलेल्या क्राखुत या गावाभोवती दगडांचा वर्षाव झाला. सकाळी शेतांतून जिथे जिथे माती नव्याने उकरलेली दिसली तिथे तिथे गावकऱ्यांनी दगड शोधून काढले. एक दगड तर राखणदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून जमिनीत रुतला होता. राखणदार जवळच उभा होता. जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रजाने या साक्षी गोळा करून लंडनला कळवल्या, दगडही तिकडे गेले. एडवर्ड हॉवर्ड याने काशीचे, इंग्लंडचे, इटलीचे असे ठिकठिकाणी पडलेले दगड एकत्र तपासून १८०२ मध्ये दाखवून दिले की, ते एकमेकांसारखे आहेत, त्यांत निकेल आहे, आणि जिथे ते पडले तिथल्या खडकांशी त्यांचे काहीच साम्य नाही. दुसऱ्याच वर्षी, २६ एप्रिल १८०३ रोजी, फ्रान्समधील लेग्ल गावाभोवती सुमारे तीन हजार दगड पडले. सरकारने पाठवलेला तरुण शास्त्रज्ञ बिओ गावोगाव फिरला, शेतकऱ्यांना विचारीत गेला, दगड कुठे कुठे पडले याचा नकाशा त्याने काढला. त्याच्या अहवालानंतर वाद संपला.

विज्ञानाच्या इतिहासात विल्यम्स, हॉवर्ड व बिओ यांची नावे आली. राखणदार राखणदारच राहिला. पण त्या शास्त्राचा पाया त्याच्या झोपडीच्या फुटलेल्या छपरातून घातला गेला आहे. आजही स्थिती फारशी बदललेली नाही. अग्निगोल कुठे, कधी, किती वेळ उजळेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते. वेधशाळेची दुर्बीण बहुधा दुसरीकडेच वळलेली असते. तो पाहतो शेतात रात्रीचे पाणी द्यायला गेलेला शेतकरी, गिरणीतून परतणारा कामगार, बसथांब्यावर उभी असलेली परिचारिका. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातमध्ये दियोदरजवळच्या रावेल व रांतिला या गावांत अशनी पडला. गावकऱ्यांच्या साक्षीमुळे आणि त्यांनी जपलेल्या तुकड्यांमुळे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेला त्याचा अभ्यास करता आला आणि तो ऑब्राइट या अतिशय दुर्मीळ जातीचा असल्याचे निष्पन्न झाले. भारतात या जातीचा अशनी त्यापूर्वी पडल्याची नोंद १८५२ मधली, उत्तर प्रदेशातील बस्तीची आहे. गावाने साक्ष दिली नसती तर एवढी मोलाची वस्तू पहिल्याच पावसात मातीत मिसळून गेली असती.

याचा अर्थ लोकसमजुतींची भलावण करावी असा मुळीच नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार वर्णिलेले आहेत. त्यामागे बारकाईचे निरीक्षण आहे. पण त्याच अध्यायात कोणत्या उल्केमुळे राजाचा नाश होतो आणि कोणत्या उल्केमुळे कोणत्या वर्णाला पीडा होते याचे कोष्टकही आहे. निरीक्षण मागे पडले आणि कोष्टक उरले, हे या देशातील ज्ञानाचे दुर्दैव. अजूनही तारा तुटला की घरातले कोणी जाणार म्हणून धास्तावणारी माणसे आहेत आणि त्या धास्तीवर शांतीचे दर ठरवणारेही आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर शाळा देत नाही, सरकार देत नाही, त्याचे उत्तर भोंदू देतो आणि त्याचे पैसेही घेतो. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. कर्तव्य नागरिकावर टाकले ते ठीकच झाले. पण ते पार पाडायला लागणारी सामग्री त्याच्या हाती देण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते किती केले, हा हिशेब मागायला हवा.

ही सामग्री केवळ कुतूहल शमवण्यासाठी हवी असे कोणाला वाटत असेल तर त्याने रशियातील चेल्याबिन्स्क शहराकडे पाहावे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास त्या शहराच्या आकाशात सूर्याहूनही प्रखर असा अग्निगोल उजळला. जवळजवळ वीस मीटर व्यासाचा तो धोंडा भूपृष्ठापासून सुमारे तीस किलोमीटर उंचीवर फुटला. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे जगातल्या एकाही दुर्बिणीला आधी दिसला नव्हता. प्रकाश पाहून माणसे खिडक्यांकडे धावली. प्रकाश क्षणात पोचतो, धक्क्याची लाट मात्र आवाजाच्या गतीने येते. त्यामुळे मध्ये दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला, आणि मग हजारो इमारतींच्या काचा एकदम फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, त्यांतले बहुतेक काचांनी. त्याच शहरातील एका प्राथमिक शिक्षिकेने, प्रकाश कशाचा हे ठाऊक नसतानाही, आपल्या चव्वेचाळीस मुलांना बाकांखाली लपायला लावले. एकाही मुलाला ओरखडा आला नाही. काच लागली ती फक्त तिला स्वतःला. वीज चमकते आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो हे खेड्यातले पोरही जाणते. आकाशात डोळे दिपवणारा प्रकाश झाला तर खिडकीपाशी जाऊ नये, काचेपासून दूर भिंतीच्या आडोशाला बसावे, एवढे एक वाक्य त्या जाणिवेला जोडले तर शेकडो डोळे वाचू शकतात. हे वाक्य प्रत्येक शाळेत शिकवायला कोणताही मोठा निधी लागत नाही.

आता दुसरा प्रश्न, जबाबदारीचा. चेल्याबिन्स्कचा धोंडा निसर्गाचा होता, त्याला जाब विचारता येत नाही. लाडबोरीचे कडे कारखान्यात घडवलेले होते. त्याला मालक आहे. १९६७ च्या अवकाश-कराराने अंतराळ ही अखिल मानवजातीची बाब असून तिचा वापर सर्व देशांच्या हितासाठी व्हावा असे मान्य केले. १९७२ च्या दायित्व-करारानुसार एखाद्या देशाने सोडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर हानी झाली तर, चूक सिद्ध करण्याची गरज न ठेवता, त्या देशाने भरपाई द्यायची आहे. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. व्यवहारात काय घडते? १९७८ च्या जानेवारीत सोव्हिएत संघाचा, अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडील प्रदेशात कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे विखुरले. कॅनडाने सुमारे साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. १९७९ च्या जुलैत अमेरिकेची ‘स्कायलॅब’ कोसळणार म्हणून भारतातही घबराट पसरली होती. तिचे तुकडे अखेर पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तिथल्या एस्परन्सच्या स्थानिक संस्थेने सार्वजनिक जागी कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या अवकाश संस्थेला चारशे डॉलर दंड ठोठावला. तो तिने भरला नाही. तीस वर्षांनी एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे गोळा करून तो फेडला. ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते, पण एका लहानशा गावाने महासत्तेला कचऱ्याचा दंड करावा यात लोकशाहीचा जो स्वाभिमान आहे तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

या कराराखाली मागणी करण्याचा अधिकार देशाला आहे, शेतकऱ्याला नाही. उद्या एखाद्या गावात गोठा जळाला, बैल मेला, तर त्या घरधन्याने परदेशी सरकारशी पत्रव्यवहार करायचा नसून तलाठ्यापासून दिल्लीपर्यंतच्या यंत्रणेने त्याच्यासाठी उभे राहायचे आहे, आणि तेही सर्वसाधारणपणे वर्षाच्या मुदतीत. साध्या गारपिटीचा पंचनामा वेळेवर होण्यासाठी ज्याला खेटे घालावे लागतात, त्याला या तरतुदीचा कितपत आधार वाटावा?

मुळात हे तुकडे वस्तीवर पडतातच का, हेही विचारले पाहिजे. काम संपलेला टप्पा उरलेल्या इंधनाच्या साहाय्याने निर्जन महासागरात उतरवता येतो. दक्षिण पॅसिफिकमध्ये अनेक याने अशा रीतीने बुडवलेली आहेत. त्यासाठी इंधन राखून ठेवावे लागते, म्हणजे तेवढे वजन आणि तेवढी कमाई सोडावी लागते. ही कमाई न सोडता टप्पा वाटेल तिथे पडू देणे हा आर्थिक निर्णय आहे. बचत प्रक्षेपण करणाऱ्याची, जोखीम खाली राहणाऱ्याची. पक्क्या स्लॅबखाली झोपणारा आणि कौलाखाली किंवा उघड्यावर झोपणारा यांच्या वाट्याला ही जोखीम सारखी येत नाही, हे सांगायला गणित लागत नाही. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडायचे आणि ते खालच्या गावाने प्यायचे, हाच तो जुना न्याय आता आकाशात जाऊन पोचला आहे. २०२० च्या मे महिन्यात आयव्हरी कोस्टमधील खेड्यांत, २०२२ च्या मे महिन्यात गुजरातच्या आणंद व खेडा भागांत, आणि २०२४ च्या अखेरीस केनियातील एका गावात अशाच धातूच्या वस्तू पडल्या. २०२३ च्या जुलैत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागलेला मोठा दंडगोल भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाचा होता. म्हणून केवळ चीनकडे बोट दाखवून भागणार नाही. जो नियम शेजाऱ्याने पाळावा असे वाटते तो आधी स्वतःला लावून घ्यावा लागतो. आकाशात आज दहा हजारांहून अधिक उपग्रह कार्यरत आहेत आणि त्यांतले बहुसंख्य खासगी कंपन्यांचे आहेत. आकाशाची कमाई खासगी आणि आकाशाचा कचरा सार्वजनिक, अशी वाटणी निमूटपणे मान्य करण्याचे कारण नाही.

करण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. प्रत्येक तहसील कार्यालयात अग्निगोलाच्या साक्षी नोंदवण्याची सोय असावी: कोणत्या दिशेने आला, किती वेळ दिसला, आवाज किती वेळाने आला. या तीन प्रश्नांवर बिओने दोन शतकांपूर्वी काम भागवले होते. घटना घडल्यापासून एका दिवसाच्या आत जिल्हा प्रशासनाने, ज्ञात असेल तेवढी माहिती, मराठीत जाहीर करावी. आणि ती नसेल तर चौकशी चालू आहे एवढे तरी सांगावे. पडलेल्या वस्तूला हात लावू नये, कारण तिच्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो, हे गावागावांत कळवावे. हानी झाल्यास भरपाई आधी भारत सरकारने द्यावी आणि मग ती परदेशाकडून वसूल करीत बसावे. आणि स्वदेशी असो वा परकी, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रक्षेपणाला टप्पा सुरक्षित उतरवण्याची अट असावी, असा आग्रह भारताने जागतिक व्यासपीठावर धरावा.

लाडबोरीच्या लोकांनी आपले काम चोख केले. त्यांनी पाहिले, पडलेली वस्तू दाखवून दिली, जे दिसले ते विचारणाऱ्याला सांगितले. ल्युसेच्या मजुरांनी आणि क्राखुतच्या राखणदारानेही एवढेच केले होते. त्यांचे ऐकून घ्यायला तेव्हाच्या विद्वानांना पस्तीस वर्षे लागली. लाडबोरीला उत्तर आणि हमी मिळायला किती वर्षे लागतात, यावर या देशातील विज्ञान आणि लोकशाही या दोघींचीही पारख होणार आहे.